बर्फाचं आप्पेपात्र

हिमाचलमधल्या हम्प्ता खिंडीच्या थोडं अलीकडे, 14,000 फुटांच्या आसपास, माझी ताई कमरेवर हात ठेवून थांबली, समोरच्या उतारावर नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, हे तर आप्पेपात्र!"

जूनचा शेवटचा आठवडा होता. ताई तेव्हा एकसष्टीला आलेली, मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. दोघी गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या. बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जाणारा, नाहीतर मासळीबाजारात गोणपाटाखाली झाकलेली लादी. आकाशातून पडलेला म्हणायचा तर नाशिकला मावशीकडे एकदा वेचलेल्या वळवाच्या गारा. आपल्या भाषेलाही या प्रकरणात फारसा रस नाही. लादी असो, गोळा असो की डोंगरावरचा असो, सगळ्याला एकच शब्द, बर्फ. 'हिम' आहे, पण तो पुस्तकात राहतो. बोलताना कोणी "हिमातून चालत गेलो" म्हणत नाही.

त्यामुळे आमच्या डोक्यातला डोंगरावरचा बर्फ सिनेमातला होता. शुभ्र, मऊ, नुकती इस्त्री केलेल्या चादरीसारखा. वांद्रे टर्मिनसला गाडीत बसलो तेव्हापासून ताई त्याच चादरीबद्दल बोलत होती. आणि समोर आलं ते असं: मळकट पांढरा उतार, आणि त्यावर हजारो खड्डे. काही वाटीएवढे, बरेचसे ताटाएवढे, मधूनच एखादा परातीएवढा. खोली कुठे चार बोटं, कुठे वीतभर. एकाला एक खेटून, दोन खड्ड्यांच्या मध्ये फक्त एक धारदार कड. आणि त्या कडा काळपट. लांबून पाहिलं तर कोणीतरी उतारावर काळ्या दोऱ्याची जाळी अंथरल्यासारखं वाटत होतं. आप्पेपात्र हीच उपमा बरोबर होती. सासूकडून आलेलं बिडाचं, सात खळग्यांचं जड पात्र ताई आजही वापरते, तिला ते दिसणारच.

आमचा गाइड पंचविशीतला स्थानिक मुलगा होता. तो म्हणाला, "गड्ढे में पैर रखो मॅडमजी, धार पे नहीं।" मला हे उलटं वाटलं. चाळीस वर्षं मुंबईच्या पावसाळ्यात चालून अंगवळणी पडलंय की खड्डा चुकवायचा आणि कडेनं जायचं. खड्ड्यात पाय ठेव असं आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगत होतं. मी मुंबईकराच्या खाक्यानं कडेवर पाय दिला. दुपारचा एक वाजला होता, कड आतून भुसभुशीत झालेली, ती ढासळली आणि माझा गुडघा एका दिशेला आणि मी दुसऱ्या. ताई हसली नाही, हे तिचे उपकार. गाइडनं हात धरून उठवलं आणि पुढचा सगळा उतार मी निमूटपणे खड्ड्याखड्ड्यांतून पार केला. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे ते खड्डे पायाला बसत होते.

त्या संध्याकाळी खिंडीपलीकडच्या शिया गोरू या मुक्कामी, तंबूत गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून पडले होते तेव्हा एक प्रश्न डोक्यात घुसला, आणि तो काही वर्षं मुक्कामाला राहिला. जुनी होणारी वस्तू गुळगुळीत व्हायला हवी ना? साबणाची वडी होते. नदीतले गोटे होतात. चाळीच्या जिन्याचा लाकडी कठडा झाला होता. आईचा पाटा तर वर्ष-दीड वर्षात इतका गुळगुळीत व्हायचा की त्यावर चटणी वाटली न जाता नुसती सरकायची. मग कधीतरी दुपारी चौकातून हाक यायची, "पाट्याला टाऽऽकीऽऽ", आणि ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन आमच्या दारात बसायची. टकटक करत पाट्यावर परत खळगे उमटवायची. डोंगरावरचा तो बर्फ बरोबर तसा दिसत होता, नुकती टाकी लावल्यासारखा. हिवाळ्यात पडताना गुळगुळीत, आणि पाच-सहा महिन्यांनी, वितळायला आल्यावर, खळग्याखळग्यांचा. ही टाकी लावली कोणी?

उन्हानं. पण हे उत्तर अर्धंच आहे. ऊन सगळीकडे सारखंच पडतं. मग काही जागाच खोल का गेल्या?

याचं उत्तर समजायला मला आमच्या चाळीतल्या खोलीत परत जावं लागलं. दहा बाय बाराची खोली, खिडकी एक, तीही अरुंद चौकात उघडणारी. दर दिवाळीला आई हट्टानं भिंतींना पांढरा चुनाच काढून घ्यायची. शेजाऱ्यांनी फिकट गुलाबी, पोपटी असे डिस्टेंपर लावून पाहिले, आई बधली नाही. ती म्हणायची, खिडकीतून येतो तेवढा उजेड पुरवून वापरायचा तर भिंती पांढऱ्या हव्यात. खिडकीतून आलेला उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, छतावरून माझ्या वहीवर यायचा. बाहेर पडायची वाट एकच आणि लहान, म्हणून तो आतल्या आत फिरत राहायचा.

बर्फातला खड्डा म्हणजे चुना लावलेली तशीच खोली. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडातला 80 ते 90 टक्के परत फेकतो. म्हणूनच डोळे दिपतात आणि काळा चष्मा लागतो. जुन्या बर्फाचे कण वितळून, गोठून, पुन्हा वितळून मोठे आणि ओलसर झालेले असतात. त्यात धूळ बसलेली असते, म्हणून तो कमी फेकतो. समजा 60 टक्के फेकतो आणि 40 टक्के पोटात घालतो. सपाट बर्फावर 100 भाग ऊन पडलं तर 40 भाग कामी आलं, 60 आकाशात परत गेलं. खड्ड्यात मात्र त्या 60 पैकी काही भाग आकाशात न जाता समोरच्या भिंतीवर आदळतो. समजा निम्मा, म्हणजे 30. त्यातले 40 टक्के, म्हणजे 12 भाग, ती भिंत शोषते. उरलेल्या 18 पैकी पुन्हा निम्मे कुठेतरी आत आदळतात. बेरीज करत गेलं तर 40 च्या जागी 57 पर्यंत आकडा जातो. हे हिशेबाचे आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण तऱ्हा हीच. खड्डा जितका खोल तितका उजेड जास्त अडकतो, उजेड जितका अडकतो तितका खड्डा खोल जातो. सुरुवातीला नुसती एक पुसटशी खोलगट जागा असली तरी पुरते. वाऱ्यानं उमटवलेली लहर असेल, कोणाच्या पावलाचा ठसा असेल, एखादं उडून आलेलं पान असेल. पुढचं काम खड्डा स्वतःच करून घेतो.

रात्रीही त्याची बाजू वरचढ असते. स्वच्छ रात्री बर्फ आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतो. कडेवरच्या बर्फाला सगळं आकाश उघडं असतं. तळातल्या बर्फाला भिंतींच्या मधून उरलेला तुकडाच दिसतो, बाकी त्याच्यासमोर भिंती. त्यामुळे तळ कमी थंड होतो. यासाठी हिमाचलला जायची गरज नाही. मे महिन्यात रात्री दहा वाजता गिरगावातल्या दोन इमारतींमधल्या गल्लीत उभं राहा आणि मग चौपाटीवर जा. समुद्राचा वारा आहेच, पण गल्लीतल्या भिंती दिवसाची ऊब आकाशाकडे टाकण्याऐवजी एकमेकींनाच देत बसलेल्या असतात. फरक कातडीला कळतो.

इथवरचं सगळं मला नीट पटलं. अडखळले ते पुढच्या गोष्टीपाशी, आणि खरं सांगायचं तर मजा तिथेच आहे.

बर्फ कमी होतो तो दोन तऱ्हांनी. एक, वितळून पाणी होतं. दुसरी, पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. फ्रीजरमध्ये महिनाभर विसरलेले बर्फाचे खडे लहान झालेले दिसतात, ते यानंच. एक ग्रॅम बर्फ वितळवायला साधारण 334 ज्यूल उष्णता लागते. तोच एक ग्रॅम थेट वाफ करायचा तर जवळजवळ 2,830 ज्यूल, म्हणजे आठपटीहून जास्त. आता कोरड्या, थंड, वारा असलेल्या उंचीवर काय होतं पाहा. कडेच्या टोकावर वारा लागतो, तिथला बर्फ उडून जातो, पण त्यात उष्णता इतकी खर्ची पडते की टोक थंडच राहतं आणि हळूहळू झिजतं. खाली खड्ड्यात हवा कोंडलेली, दमट. तिथे बर्फ उडू शकत नाही, वितळतो. त्याच उन्हात आठपट बर्फ जातो. टोकं राहतात, तळ धावतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ही शर्यत इतकी पुढे जाते की वाट्या राहतच नाहीत. माणसाच्या उंचीचे आणि त्याहूनही उंच बर्फाचे पातळ सुळके सूर्याकडे झुकून रांगेत उभे राहतात. पांढरे झगे आणि टोकदार टोप्या घालून मिरवणुकीत चालणाऱ्या प्रायश्चित्त घेणाऱ्यांसारखे दिसतात, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्यांना 'पेनितेंतेस' म्हटलं.

1835 च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन खेचरांच्या तांड्याबरोबर चिलीतून अँडीज ओलांडत होता, तेव्हा अशाच सुळक्यांच्या दाटीतून त्यांना वाट काढावी लागली. एका सुळक्यावर एक गोठलेला घोडा होता, जणू चौथऱ्यावर बसवलेला, मागचे दोन पाय सरळ आकाशाकडे. बर्फ सगळीकडे सलग असताना तो घोडा एखाद्या खड्ड्यात डोक्यावर पडला असावा आणि नंतर आजूबाजूचा बर्फ वितळून गेला असावा, असा डार्विननं तर्क केला. हे सुळके वारा कोरतो असं तिथल्या लोकांना वाटायचं. टोक उडतं आणि तळ वितळतो, हा उलगडा 1954 मध्ये लुई लिबुत्री या फ्रेंच हिमशास्त्रज्ञानं मांडला. मध्ये जवळजवळ एकशेवीस वर्षं गेली होती. तो उलटा घोडा माझ्या डोक्यातून जात नाही. माझा गुडघा त्यापुढे काहीच नाही.

(प्लूटोवरही असलेच सुळके आहेत. 2015 मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा शेकडो मीटर उंचीच्या धारदार रांगा दिसल्या, पाण्याच्या नव्हे, मिथेनच्या बर्फाच्या. ताईला सांगितलं तर म्हणाली, "तिथे कोणाला आप्पे घालायचेत?")

हम्प्ताच्या कुलूकडच्या बाजूला जूनची हवा ओलसर, म्हणून तिथे सुळके नाहीत, नुसत्या वाट्या. पण त्या काळ्या कडांचं काय? त्या मला सगळ्यात जास्त छळत होत्या. धूळ खड्ड्याच्या तळाशी साठायला हवी, कपात गाळ बसतो तशी. इथे ती उंच कडांवर जाऊन बसलेली.

मग कळलं की धूळ चढून वर गेलेलीच नसते. धुळीचा कण बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो, आणि पृष्ठभाग वितळत मागे सरकतो तसा तोही सरकतो, पृष्ठभागाशी काटकोनात. खड्ड्याच्या आत सगळे कण एकमेकांपासून फाकत जातात. कडेवर दोन्ही बाजूंचे कण आतल्या दिशेनं सरकताना एकमेकांजवळ येतात आणि तिथेच गर्दी करतात. स्वयंपाकघरातच समजून घ्यायचं तर वाटीची आतली बाजू पसरत जाते आणि दोन वाट्यांमधली कड चिमटीत सापडते. म्हणून कडा काळ्या.

आणि इथे गोष्ट उलटी फिरते. पातळ धूळ काळी असते, ऊन जास्त शोषते, म्हणजे कडक उन्हात त्या काळ्या कडाच आधी वितळू लागतात आणि खड्डे पुसट होतात. तेव्हा उन्हाच्या वाट्या स्वच्छ बर्फावरच नीट कोरल्या जातात. मळक्या बर्फात वाट्या पडायच्या तर आभाळ हवं आणि कोमट वारा हवा. तेव्हा कडेवरचा मळ उलट पांघरुणासारखा बसतो, खालचा बर्फ जपतो आणि उघडा तळ वितळत जातो. आम्ही गेलो त्याच्या आधी तिथे चार दिवस आभाळ भरलेलं होतं, असं गाइड म्हणाला होता. तेव्हा मी ते हवापाण्याच्या गप्पा म्हणून सोडून दिलं.

मळ बर्फाला वितळवतोही आणि वाचवतोही, थर किती जाड आहे त्यावर सगळं. मुंबईला दुसरी बाजू पहिल्यापासून ठाऊक. लादीवर भुसा आणि गोणपाट टाकायचं हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. हा भुसाच बर्फाला सात समुद्र ओलांडून घेऊन आला. 1833 मध्ये बॉस्टनहून निघालेलं टस्कनी नावाचं जहाज तिकडच्या तळ्यांवरचा कापलेला बर्फ घेऊन चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि निघताना भरलेल्या साधारण 180 टनांपैकी 100 टन शिल्लक होता. पुढे मुंबईच्या फोर्टातही त्या अमेरिकन बर्फासाठी बर्फघर उभं राहिलं. मद्रासचं अजून आहे, आपलं गेलं. आपल्याकडे असं बरंच गेलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मला खुमखुमी आली. म्हटलं, ऊन कडक आहे, गच्ची आहे, प्रयोग करून पाहू. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून किसलेला बर्फ आणला, परातीत दाबून भरला, चमच्याच्या पाठीनं ओळीत खळगे केले आणि गच्चीवर उन्हात ठेवला. सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, "मॅडम, आइस्क्रीम?" मी मान डोलावली, समजावत बसायचं धैर्य नव्हतं. पाच मिनिटांत खळग्यांत पाणी साठलं. दहा मिनिटांत कडा गोल झाल्या. वीस मिनिटांत परातीत एक गुळगुळीत, मधे फुगीर गोळा तरंगत होता, साबणाच्या वडीसारखा.

दोन चुका होत्या. डोंगरावरचा जुना बर्फ सच्छिद्र असतो, वितळलेलं पाणी त्यातून खाली मुरून जातं. माझी परात पाणी कुठे जाऊ देणार? पण मोठी चूक म्हणजे मी ही मुंबई आहे हे विसरले. इथे बर्फ वितळवण्याचा ठेका उन्हाकडे नाही, दमट हवेकडे आहे. थंड बर्फावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, आणि बसताना उष्णता सोडते. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो, तोच प्रकार. एक ग्रॅम वाफ बर्फावर बसली तर सातेक ग्रॅम बर्फ वितळवते. आणि हवा बर्फाला जिथे तो बाहेर आलेला असतो तिथे आधी गाठते. कडा, टोकं, कोपरे आधी जातात. ऊन खोलगट जागा शोधतं, हवा उंचवटे शोधते. वर खिंडीत उन्हाचं राज्य, तिथे बर्फ म्हातारा होतो तो टाकीच्या पाट्यासारखा. इथे खाली हवेचं, तर तोच नदीतल्या गोट्यासारखा.

ताईला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आप्पेपात्रातही मधला खळगाच आधी करपतो बघ." मी म्हटलं, ताई, ते खाली ज्योत मधे असते म्हणून, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. "असेल," ती म्हणाली, "पण करपतो." ती आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि माझ्या गुडघ्याला अजून जिना जाणवतो.

परवा सिटीलाइटच्या मासळीबाजारात गेले होते. बंदी उठून, नारळी पौर्णिमा होऊन आठवडे झालेले, पाट्या भरलेल्या. एका कोळणीपुढे फोडलेल्या बर्फाचा ढीग होता, वरून पंखा, आजूबाजूला ओली हवा. एकेक खडा वितळून गोल, चकचकीत झालेला, टोक म्हणून कुठे उरलं नव्हतं. ढिगाच्या वरच्या अंगाला, जिथे पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप पडत होती, तिथे मात्र एक बोटभर खळगा दिसल्यासारखा वाटला. त्यात माशाचं एक काळं खवलं चिकटलं होतं. उन्हानं की खवल्यानं, म्हणून मी वाकून पाहायला लागले.

"बर्फ काय बघतेस बाय," ती म्हणाली, "पापलेट बघ."